फूलपहाडीवरची ओ

फेब्रुवारी लागला की दिल्लीला फुलं येतात, आणि ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना ती बघायला जावंच लागतं. त्यातून सुटका नाही. शाळेतलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं, त्याच्या आईने फोटो टाकलेले असतात, आणि मग आपल्या घरात आठवडाभर एकच धोशा. अबोलीच्या वर्गातल्या मुलींनी फूलपहाडी बघितली होती. मानेसरच्या पुढे, अरवलीच्या एका टेकडीला पायऱ्यांसारखं कापून तिच्यावर म्हणे लाखभर फुलझाडं लावली होती. टॉय ट्रेन होती. आणि मुख्य म्हणजे इको पॉइंट होता.

"आत्या, वहाँ ना, कुछ भी चिल्लाओ, तर पहाड वापस बोलतं."

"डोंगर म्हण, अबोली. डोंगर बोलतो."

"हांजी, वही."

मयुराने कपाळावर हात मारला. गुडगावला नोकरी लागल्यापासून ती आर. के. पुरमला दादाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होती, आणि भाच्यांचं मराठी सुधारायचं काम तिने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. अबोली सात वर्षांची, अनिश तीन. हाक मारली की 'हांजी' म्हणायचं नाही, 'ओ' म्हणायचं, एवढं साधं तिला अख्ख्या हिवाळ्यात शिकवता आलं नव्हतं. "ओ क्या होता है?" अबोली म्हणायची. "ओ तो कुछ होता ही नहीं." अनिशला कुणी हाक मारली तर तो सरळ पळून जायचा, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता.

"चला, जाऊ या रविवारी," सुयशदादा म्हणाला. "मयूला पण जरा हवा लागेल. ही बाई कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला दचकते. पहिल्या दोन झाल्यात, तिसरी येणार हे माहीत असून!"

"दादा, गप हं."

विनयावहिनी कणीक मळत होती. ती हसली, म्हणजे ओठ हलले. "जाऊ या की," म्हणाली. "मुलांना बरं वाटेल."

मुलांना बरं वाटेल. वहिनीचं सगळं असंच असायचं. स्वतःला काय वाटेल, हे ती पाच वर्षांत बोलली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी अबोलीच्या पाठीवर ह्या घरात एक मुलगा झाला होता. मयुरा तेव्हा कॉलेजात होती. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून हॉस्टेलच्या खोलीत मैत्रिणींना घेऊन तिने किती रात्री नावं घोळवली होती. शेवटी 'शर्विल' ठरलं. दिल्लीवाले ह्याला शरबत म्हणतील, म्हणून मैत्रिणी पोट धरून हसल्या होत्या. बारशाच्या तयारीने आईबरोबर ती पुण्याहून निघाली, आणि गाडी मथुरेच्या आसपास असताना दादाचा फोन आला. घरात पोचल्या तेव्हा ओवा आणि वेखंडाच्या धुरीचा वास तेवढा शिल्लक होता. दादा आणि त्याच्या ऑफिसातले दोघं बाळाला पोचवून आले होते.

नाव ठेवायचं राहिलं, ते राहिलंच. आणि मयुराला नंतर कळलं की नाव नसलेल्या माणसाची आठवणसुद्धा काढता येत नाही. वाक्यच सुरू होत नाही. घरात सगळे 'ते झालं तेव्हा' म्हणायचे, 'त्या हिवाळ्यात' म्हणायचे. अनिश झाला, त्याच्या कानात तिने दुसरं नाव सांगितलं. पहिलं तसंच आत राहिलं. कुणी विचारलं नाही, आणि तिचाही धीर झाला नाही.

आईने, म्हणजे सुनंदाबाईंनी, पुण्याला परत जाताना वहिनीला एकच गोष्ट सांगितली होती. मयुरा दारात उभी होती म्हणून तिने ती ऐकली. "विनया, घरात आता कुणाला बाळा म्हणून हाक मारू नकोस. बारसं झालं नाही ना त्याचं. त्याला तेवढंच ठाऊक आहे. कुणी कुणालाही बाळा म्हटलं, तरी त्याला वाटेल आपल्यालाच."

तेव्हापासून वहिनी दोन्ही मुलांना 'बेटा' म्हणायची. शेजारच्यांना वाटायचं, दिल्लीत राहून सवय लागली.

रविवारी निघायलाच उशीर झाला. अनिशचा एक बूट सापडेना. करोल बागेतून नुकतेच आणलेले, लाल दिवे लागणारे बूट, त्यांच्याशिवाय तो गाडीत बसायला तयार नाही. मग हायवेवर गाड्यांची रांग. मानेसर मागे पडेपर्यंत दुपार कलली होती. ऊन होतं, पण दिल्लीचं ऊन. धुरकट काचेतून यावं तसं.

"ही सगळी दगडाची खाण होती बरं का," सुयश गाडी चालवता चालवता सांगत होता. "सुरुंग लावून अर्धी टेकडी खाल्ली. मग बंद पडली, पाणी भरलं. आता कुणीतरी माती आणून टाकली आणि लावला पिटुनिया. तिकीट काढा, सेल्फी काढा."

"काम करणारे लोक?" वहिनीने खिडकीतून बाहेर बघत विचारलं.

"वस्ती होती म्हणे खाली. पार काठावर. बायका, मुलं, सगळे तिथेच."

"मग?"

"मग काय? गेले असतील. खाण गेली की लोक जातात."

वहिनीने काच वर केली.

फूलपहाडी सुंदर होती, हे मात्र खरं. जांभळी, पांढरी, शेंदरी फुलं पायरीपायरीने वर चढत गेलेली, मधून खडीच्या वाटा, आणि स्पीकरवर पंजाबी गाणी. गर्दी इतकी की प्रत्येक वाफ्यासमोर कुणीतरी हनुवटी वर करून उभं. टॉय ट्रेनची रांग बघून सुयशने अनिशला खांद्यावर घेतलं. "आमचा नंबर येईपर्यंत संध्याकाळ होणार. तुम्ही तिघी जाऊन या तुमच्या त्या इकोला. मयू, डोंगराने भॉक केलं तर पळून येऊ नकोस."

इको पॉइंटची वाट टेकडीला वळसा घालून मागच्या अंगाला जात होती. तोंडाशी एक चौकीदार खुर्ची टाकून ऊन खात बसला होता. "जल्दी आ जाइयो मैडम जी. दिन ढले इधर बंद कर देते हैं." एवढं म्हणून त्याने पाय आखडून घेतले आणि वाट दिली.

मयुराच्या लक्षात आलं ते हे, की वळण संपता संपता गाणी थांबली. बंद नाही झाली. मागे कुठेतरी चालूच असणार. पण दगड मध्ये आला आणि आवाज चाकूने कापावा तसा तुटला. इकडच्या बाजूला फुलंही विरळ होती. झेंडूची काही रोपं, तीही कुणी पाणी न घातल्यासारखी. ऊन टेकडीपलीकडे राहिलं होतं. ओल्या दगडाचा, शेवाळाचा वास येत होता, आणि गारवा खालून वर यायचा, जमिनीतून, चपलेच्या तळव्यातून.

"वहिनी, इथे कुणीच नाही गं."

"बरं आहे ना. डोकं उठलं होतं त्या गाण्यांनी."

वाट जिथे संपली तिथे पिवळा रंग दिलेला कठडा होता. पलीकडे टेकडीच नव्हती. जिथे ती असायला हवी तिथे मोठा खड्डा, आणि खड्ड्यात हिरवं, हलत नसलेलं पाणी. समोरचा कडा सरळ कापलेला, करडा. कठड्याच्या एका टोकाला साखळी लावून एक उतार बंद केला होता. पूर्वी दगडाच्या ट्रॉल्या त्यावरून वर येत असणार. तो उतार कड्याला चिकटून खाली जायचा आणि तसाच पाण्यात शिरायचा.

"हॅलोऽ!" अबोली ओरडली.

"...लोऽ... लोऽ," कडा म्हणाला.

अबोलीने आनंदाने उड्या मारल्या. मग आपलं नाव ओरडली. "...ओली... ओली." मग म्हणाली, आत्या तुझं, आणि मयुरालाही ओरडावं लागलं, तिचा आवाज निम्म्यात चिरकला आणि कड्याने तोही प्रामाणिकपणे परत केला. त्यावर वहिनी हसली. ओठांनी नाही, खरं हसली, आवाज करून. मयुराने तिच्याकडे बघितलं. हा आवाज आपण विसरलोच होतो, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात अबोली कठड्याच्या खालच्या दांडीवर चढून पुढे वाकली.

वहिनीच्या तोंडून निघून गेलं. घाबरलेल्या आईच्या तोंडून निघतं तसं, न विचारता.

"बाळा, खाली उतर!"

कड्याने 'उतर, उतर' म्हणायला हवं होतं. तो काही बोलला नाही. समोरच्या बाभळीत पोपट कलकलत होते, तेही गप्प झाले. आणि मग खालून, पाण्याच्या बाजूने, एक लहान आवाज आला.

"ओ."

ओरडून नाही. खेळात गुंतलेलं मूल मान वर न करता देतं ना, तशी ओ.

"बघ मयू," वहिनी म्हणाली. तिचं लक्ष अबोलीला खाली उतरवण्यात होतं. "शिकली शेवटी तुझी शिष्या. ओ दिली."

अबोलीने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "मैं नहीं बोली."

"बेटा, आत्ता—"

"मैं नहीं, मम्मा. नीचे से आया."

वहिनीचा हात अबोलीच्या दंडावर तसाच राहिला. मयुराच्या मानेवरचे केस उभे राहिले होते. "इको असेल," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला खोटा वाटला.

"इको 'उतर' म्हणाला असता." वहिनी अगदी हळू बोलत होती. "ओ नसता म्हणाला."

"वहिनी, चल. दादा वाट बघत असेल."

वहिनी कठड्याशी गेली. दोन्ही हात त्यावर ठेवले. तिचे ओठ दोनदा हलले, आवाज फुटला नाही. पाच वर्षं न उच्चारलेला शब्द घशात कुठे ठेवला होता तो ती शोधत होती.

"बाळा...?"

"ओ."

ह्या वेळी जवळून. ह्या वेळी त्याने मान वर केली होती.

आणि त्याबरोबर वास आला. शेवाळाच्या, दगडाच्या त्या गार वासातून वर येणारा दुसरा एक वास. मयुराला तो ओळखायला क्षण लागला, कारण तो इथे असण्याचं काही कारण नव्हतं. ओवा. वेखंड. दूध.

वहिनीने साखळी उचलली आणि खालून वाकून पलीकडे गेली.

"वहिनी! वहिनी, नको!" मयुराने अबोलीला इको पॉइंटच्या पाटीच्या खांबाशी उभं केलं. "इथून हलायचं नाही. काहीही झालं तरी. कळलं?" अबोलीने मान हलवली. तिचे डोळे खाली पाण्याकडे लागले होते. ती घाबरलेली दिसत नव्हती, आणि मयुराला त्याचीच जास्त भीती वाटली.

उतार निसरडा होता. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला काहीच नाही. वहिनी पुढे चालली होती, भाजी आणायला जावं तशी, न अडखळता. दर चार पावलांनी थांबायची. "बाळा." आणि खालून उत्तर यायचं. दर वेळी थोडं जवळ, थोडं वर. शेवटची ओ आली तेव्हा ती पाण्याच्या कडेशी होती, कडेच्या जरा आत, आणि ओल्या कपड्यातून यावी तशी आली.

वहिनीचं पाऊल पाण्यात गेलं.

मयुराने तिची शाल धरली. शाल हातात आली, वहिनी नाही. मग तिने दंड धरला, दोन्ही हातांनी, नखं रुतेपर्यंत.

"सोड मयू."

"वहिनी, पाणी खोल आहे. वर चल. तुझ्या पाया पडते."

"तो एवढा वर आला. मी दोन पावलं नको जायला?"

"तो नाहीये तिथे... तिथे कुणी नाहीये..."

"ओ देतोय तो. ऐकतेस ना तू पण?" वहिनीने वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर वेडेपणा नव्हता. वेडेपणा असता तर बरं झालं असतं. चेहऱ्यावर दिवसभराचं काम संपवून मुलाला शाळेतून आणायला निघालेल्या बाईचा शांतपणा होता. "पाच वर्षं एक हाक मारली नाही मी त्याला. काय म्हणून मारणार? आणि तो बसला इथे, कुणीतरी बोलवेल म्हणून."

"आणि अबोली? अनिश? त्यांचं काय?"

"त्यांना नावं आहेत," वहिनी म्हणाली. "त्यांना कुणीही बोलवेल. ह्याला कोण बोलवणार?"

दुसरं पाऊल पाण्यात गेलं. पाणी घोट्यावर आलं. वहिनीने तोंड उघडलं, आणि मयुराला कळलं की ही हाक शेवटची. ह्यानंतर ओ पाण्याखालून येणार नाही, हाताशी येणार आहे.

पाण्याकडे बघायचा तिला धीर नव्हता. म्हणून ती कड्याकडे बघत होती, आणि तिथे, तिच्या तोंडासमोर, दगडात एक भोक होतं. सुरुंग भरायला पाडतात तसलं, दोन बोटं जातील एवढं, गोल. त्याच्यापुढे दुसरं, मग तिसरं. अख्ख्या उताराच्या कडेने ती भोकं रांगेने वर गेली होती. कुठून सुचलं तिला, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. कुकरच्या शिट्टीला दचकणारी ती मुलगी. एका हाताने वहिनीचा दंड धरून ती दगडावर वाकली आणि त्या भोकाला तिने ओठ लावले.

दगड गार होता. भोक गार नव्हतं. आत ऊब होती, तान्ह्या मुलाच्या कानाला असते तेवढी.

"कुर्रर्र..." मयुरा म्हणाली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. बारशाला पाळण्यात वाकून म्हणतात ते, आत्याने म्हणायचं ते. "कुर्रर्र... शर्विल. तुझं नाव शर्विल. शर्विल सुयश. विनयाचा शर्विल."

आतून एक उबदार श्वास तिच्या ओठांवर आला. आणि थांबला.

"काय म्हणालीस?" वहिनीने विचारलं.

"शर्विल." मयुरा रडत होती. "मी ठरवून आले होते तेव्हा. तुला सांगायचं राहिलं. शर्विल नाव ठेवणार होते मी त्याचं."

वहिनीने ते नाव आवाज न करता ओठांवर म्हणून बघितलं. मग एकदा हळू म्हटलं. मग पाण्याकडे तोंड करून तिने हाक मारली. आई गच्चीवरून, अंगणातून, जिन्यातून मारते तशी, पूर्ण गळ्याने.

"शर्विलऽ!"

"...विलऽ... विलऽ..." कडा म्हणाला.

बस, एवढंच. अबोलीचं केलं तसं, मयुराचं केलं तसं. ओ आली नाही. वहिनी वाट बघत राहिली. समोरच्या कड्यावरून नाव एकदा फिरून आलं, विरलं, आणि बाभळीत पोपट पुन्हा कलकलायला लागले. धुरीचा वास गेला होता.

वहिनीने खाली पायांकडे बघितलं. "अगं," ती म्हणाली, "किती गार आहे हे पाणी." आणि तिथेच, उतारावर बसून, तिने पाच वर्षांचं रडून घेतलं. नाव घेऊन रडली. नाव घेऊन रडता येतं, हे तिला तेव्हाच कळत होतं.

उजेड कमी होत चालला होता. मयुराने तिला शाल पांघरली, उठवलं, पुढे घातलं. "तू पुढे हो, मी मागे आहे." वहिनी मुकाट्याने चढू लागली. मयुरा एका हाताने कडा धरून मागून. तिला छातीत कितीतरी दिवसांनी मोकळं वाटत होतं. दिलं आपण. पोचलं.

"बुआ."

इकडे आत्याला म्हणतात ते. मयुरा थांबली.

आवाज मागून नव्हता. खांद्याशी होता. दगडातल्या दुसऱ्या भोकातून.

"बुआ... मेरा?"

शर्विल नव्हता तो. खाणीच्या वस्तीतला असावा असा, इकडच्या बोलीचा, खरखरीत, सर्दी झालेला आवाज. मयुराने पुढचं पाऊल टाकलं, कारण मागे टाकायला जागा नव्हती. तिसरं भोक कोपराशी आलं.

"मेरा भी नाम ना रखा किसी ने..."

वहिनी पुढे चालत होती. तिला ऐकू येत नव्हतं, तिच्या पाठीवरून दिसत होतं ते. भोकांची रांग वरपर्यंत होती. मयुरा आता दगडाला हात न लावता चढायला बघत होती आणि निसरड्यावरून पाय घसरत होता, आणि घसरला की हात आपोआप दगडाकडे जात होता. प्रत्येक भोकाशी कुणीतरी होतं. कुणी नुसतं 'बुआ' म्हणत होतं. कुणी काहीच म्हणत नव्हतं, फक्त ऊब येत होती. हट्ट नव्हता त्यांचा. शाळेत खाऊ वाटतात तेव्हा मुलं रांगेत कशी दबकत बोलतात, तेवढंच. शेवटच्या भोकाशी आली तेव्हा एक मोठ्या मुलाचा समजूतदार आवाज म्हणाला,

"बुआ, पहले इसका कर दो. ये सबसे छोटी है."

मयुरा घाबरली की तिला सुचेनासं व्हायचं, आणि सुचेनासं झालं की तोंडातून सवयीचं काहीतरी निघायचं. लोकांच्या घरून निघताना दारात आपण जे म्हणतो, कुणी आग्रह केला तर चपला घालता घालता जे म्हणतो, ते निघालं.

"येते... येते हं मी," ती म्हणाली, आणि साखळीखालून वर पळाली.

मागे सगळं एकदम शांत झालं. समाधान झाल्यासारखं.

अबोली खांबाशी तशीच उभी होती. मयुराने तिला कडेवर उचललं, सात वर्षांच्या मुलीला, आणि वळण ओलांडून गाण्यांचा आवाज कानावर येईपर्यंत ती थांबली नाही.

गाडीत अनिश झोपला होता. बूट मिटमिटत होते. सुयशने वहिनीची ओली सलवार बघितली, चेहरा बघितला, आणि नेहमीसारखी चेष्टा त्याच्या ओठांवर येऊन थांबली. "काय झालं?" त्याने विचारलं.

"घरी गेल्यावर सांगते," वहिनी म्हणाली. मग थोड्या वेळाने, समोर बघत, "मयूने नाव शर्विल ठरवलं होतं. तुला माहीत होतं?"

सुयशने गाडी बाजूला घेतली. दिवे लावले, बंद केले. मग वहिनीने त्याचा हात धरला, आणि त्यानेही ते नाव एकदा म्हटलं. मयुरा मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकत होती. ह्यासाठी सगळं सोसलं तर चालेल, असं तिला वाटलं. मानेसरच्या कारखान्यांचे दिवे लागले होते. कंपनीच्या बसमधून माणसं उतरत होती, हसत, डबे हलवत.

अबोली तिच्या कुशीत सरकली. "आत्या," तिने कानाशी कुजबुजत विचारलं, "तू उनको ऐसा क्यों बोली, की तू येते?"

मयुराने डोळे उघडले. "कुणाला?"

"उनको. खाली."

"अगं... निघताना तसंच म्हणायचं असतं, सोन्या. आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणायचं. त्याचा अर्थ जाते असाच."

अबोलीने ह्यावर विचार केला. तिला मराठी शिकवताना एखादा अवघड शब्द आला की ती करायची तसा, भुवया जवळ आणून.

"पण त्यांना मराठी कहाँ आती है?" ती म्हणाली.

मयुराने तिचे केस कानामागे सारले.

"उनको तो लगा ना, तू सच में आएगी. सब के सब बैठ गए, लाइनमध्ये. वो छोटी वाली को सबसे आगे बिठाया."

सुयशने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. अबोली जांभई देऊन झोपी गेली. मयुरा खिडकीबाहेर बघत राहिली. दुसरं काहीतरी आठवायचं म्हणून उद्याची ऑफिसची मीटिंग, भाजी काय करायची, बारीकसारीक सगळं आठवत राहिली. पण हॉस्टेलच्या त्या खोलीत येत असत तशीच, एकामागून एक, न बोलावता, नावं तिच्या मनात यायला लागली होती. नको, नको, ती म्हणत होती. आणि म्हणता म्हणताच त्यांतलं एक पुढे येऊन थांबलं. छोटंसं, दोन अक्षरांचं.

मुलीचं.